शिप न्हावा शेव्याला लागतेय, भेटायला जाता येतं का?

प्राची, सी-२०४: सगळ्यांना नमस्कार 🙏 एक विचारायचं होतं. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनियर आहे, सात महिने झाले शिपवर. पुढच्या गुरुवारी त्याची शिप न्हावा शेव्याला येतेय पण तो म्हणतो उतरता येणार नाही. आई आत्ता माझ्याकडेच आहे, कालपासून एकच चाललंय की एवढ्या जवळ येतोय तर मीच जाऊन बघून येते. कोणाला माहितीये का असं जाता येतं का?

मंदार, बी-४०३: प्राची ताई जाता येतं, मी फेब्रुवारीतच जाऊन आलोय. माझा शाळेतला मित्र दिनेश कंटेनर शिपवर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, घर हर्णैला. शिप पहाटे लागणार आणि रात्री सुटणार, एवढ्यात हर्णैला जाऊन परत येणं शक्यच नव्हतं, वहिनींकडे चार महिन्यांचं बाळ, म्हणून त्यांनी मला फोन केला की भाऊजी तुम्ही तरी बघून या. आधी पासचं बघा. गेटवर जाऊन पास मिळत नाही. भावाला सांगा आजच कॅप्टनला विचार, कॅप्टन हो म्हणाले की शिपच्या एजंटला, म्हणजे बंदरात शिपची कामं बघणाऱ्याला, कळवतात आणि एजंट पोर्टचा पास काढतो. आधारवर जसं नाव आहे अगदी तसंच पासवर आलंय ना ते आदल्या दिवशी बघून घ्या, माझं आडनाव एजंटच्या माणसाने चुकीचं टाकलं होतं, दोन तास गेटबाहेर ट्रकच्या लायनीत उभा होतो मी, आणि दिनेशकडे मुळात मोकळा वेळच तीन तासांचा.

शिल्पा, ए-३०३: पण शिप इथेच उभी असते ना, मग तो नाही का येऊ शकत? नेरूळपासून कितीसं लांब आहे उरण

मंदार, बी-४०३: मलाही तसंच वाटायचं. पण पोर्टला लागल्यावरच सगळ्यात जास्त काम असतं. क्रेन चोवीस तास चालू, इंधन भरायचं, रेशन चढवायचं, कोण ना कोण इन्स्पेक्शनला येतं, आणि इंजिनवाल्यांना तर समुद्रात जे खोलून बघता येत नाही ते सगळं इथेच करायचं असतं. उतरायचा हक्क कायद्याने आहे, एमएलसी म्हणून खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे २००६ चा, तो लागू झाला २०१३ ला आणि भारताने घेतला २०१५ ला. त्यात चोवीस तासांत कमीत कमी दहा तास विश्रांती हेही लिहिलंय. पण शिप वीस तासात निघणार आणि माणसं बावीस, दिनेश रात्री अडीचपासून दोर टाकायला पुढे उभा होता, सकाळी मला भेटला तेव्हा डोळे लाल. असा माणूस मिळालेले दोन तास झोपेल की गाडी करून कुठे जाईल? म्हणून मी म्हणतो ताई तुम्हीच जा, त्याच्या येण्याची वाट बघू नका.

प्रभाकर काका, ए-१०१: अगं प्राची, मी ३१ वर्षं मुंबईला गोदीत टॅली क्लार्क होतो, म्हणजे चढणारा उतरणारा माल मोजून लिहायचा. तेव्हा साखर, खत सगळं पोत्यात यायचं, जाळ्यात भरून उतरवायचं, एक जहाज रिकामं व्हायला दहा पंधरा दिवस सहज, पाऊस लागला तर त्याहून जास्त. खलाशांच्या बायका मुलं कोकणातून एसटीने यायची, जहाजावर जेवून संध्याकाळी नातेवाइकांकडे लालबागला परळला मुक्कामाला. पुढे कंटेनर आले, १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं आणि दिवसांचे तास झाले. त्यानंतर अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे आयएसपीएस कोड आला, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, १ जुलै २००४ पासून, तेव्हापासून परदेशी ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांवर शिडीपाशी पहारा आणि येणाऱ्याची नोंद. सुरक्षा पाहिजेच, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण घरच्या माणसाला चार तास भेटू देण्याची सोय चांगली हवी होती, ती कोणी केली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई आहे, सकाळी ११ ते ४ पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवा.

प्राची, सी-२०४: काका मंदार दादा खूप आभार. आईला चढता येईल का पण? ती ६८ ची आहे, गुडघे बरे आहेत तसे

मंदार, बी-४०३: हे महत्त्वाचं विचारलंत. गँगवे म्हणजे शिपच्या अंगाला लावलेली ॲल्युमिनियमची तिरपी शिडी, खाली जाळी, दोन्ही बाजूंना दोर, आणि पाऊल टाकलं की हलते. भरती ओहोटीने आणि माल उतरला की शिप वर येते तशी शिडी उभी होत जाते, मी सकाळी चढलो तेव्हा बरी होती, दुपारी उतरताना चांगलीच उभी. त्यामुळे भावाला विचारा भरती कधी आहे, शिडी कमीत कमी उभी असेल ती वेळ घ्या. आईंना साडी नको, पंजाबी ड्रेस आणि मागे पट्टा असलेले बूट. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, पिशवी खालूनच दोरीने वर घेतात. हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट एजंटला आधीच सांगून ठेवा. आणि आत यार्डात पायी फिरायचं नाही, एजंटच्या गाडीनेच शिपपर्यंत.

अश्विनी, बी-१०२: फेब्रुवारीत म्हणजे द्राक्षं असतील ना शिपवर? आमच्या पिंपळगावकडची सगळी तिथूनच जातात

मंदार, बी-४०३: हो ना वहिनी, पांढऱ्या रीफर कंटेनरची, म्हणजे फ्रीजसारख्या थंड कंटेनरची, रांगच होती डेकवर, दिनेश म्हणाला ही सगळी द्राक्षं, आत शून्याच्या आसपास ठेवायची, दिवसातून दोनदा प्रत्येकाचं तापमान बघून लिहायचं. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच शिप आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागल्या, दहा बारा दिवस जास्त. तेवढे दिवस द्राक्षं पण सांभाळायची आणि स्वतःला पण.

प्राची, सी-२०४: खायला काय नेऊ? आई चकल्या म्हणतेय

मंदार, बी-४०३: चकल्या न्याच. वहिनींनी हर्णैहून एसटीने पार्सल पाठवलं होतं, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सोडे, सगळं वर्तमानपत्रात बांधलेलं. मेसमध्ये उघडलं तर फिलिपिनो कुक आला, सोडे हातात घेऊन वास घेतला आणि हसला, त्यांच्याकडे पण सुकी कोळंबी असते, जेवणात लगेच टाकले त्याने. आणि दिनेशने काय केलं माहितीये, पुड्यांचे कागद एक एक करून सरळ केले, हाताने घड्या मोडल्या आणि वाचायला लागला. पंधरा दिवसांपूर्वीचा पेपर, दापोलीतल्या पाणीटंचाईची बातमी. मी समोर बसलोय आणि तो वाचतोय, मी काही बोललो नाही. नंतर ते कागद त्याने केबिनमध्ये नेऊन ठेवले. तेव्हा ताई चकल्या मराठी पेपरमध्येच बांधा, प्लास्टिकच्या डब्यात नको.

प्रभाकर काका, ए-१०१: प्राची, घरी मागच्या आठवड्याचे पेपर आहेत, मुलाला खाली पाठव. पुरवण्या पण देतो.

शिल्पा, ए-३०३: आणि ड्रेस हवा असेल तर माझ्या सासूबाईंचा आहे, मापाचा होईल बहुतेक

प्राची, सी-२०४: सगळ्यांना खरंच मनापासून धन्यवाद. आत्ताच भावाचा मेसेज आला, कॅप्टन हो म्हणालेत, दोघींचे आधार एजंटला पाठवलेत. गुरुवारी दुपारी दीडच्या आसपास यायला सांगितलंय.

मंदार, बी-४०३: मग मी सोडतो तुम्हाला गेटपर्यंत, साडेअकराला निघू, ट्रक खूप असतात. परत आणायला पण येतो.

प्राची, सी-२०४: दादा 🙏 आईला शिडीचं वाचून दाखवलं. तेव्हापासून लिफ्ट बंद केलीये तिने, आत्ता तिसऱ्यांदा जिन्याने खाली गेलीये.