मदत हवी आहे: शब्दयादीच्या प्रयोगात पुनरावृत्तीचे शब्द कुठे ठेवू?

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला स्मरणाचा प्रयोग घेतलाय. डोंगर, चमचा, बैल, उशी असे साधे शब्द, दर दोन सेकंदांना एक, पडद्यावर. काही एकदाच येतात, काही दोनदा. दोनदा येणाऱ्यांपैकी निम्मे लागोपाठ, निम्मे मध्ये सात-आठ शब्द जाऊ देऊन. यादी संपली की आठवतील तेवढे, हव्या त्या क्रमाने लिहायचे.

अंतर ठेवून आलेले शब्द जास्त आठवायला हवेत. पाठांतर एका दमात न करता विभागून केलं तर पक्कं होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय.

माझं घोडं अडलंय ते जागांवर. 'डोंगर' तिसऱ्या-चौथ्या जागी आहे, 'चमचा' सहाव्या आणि चौदाव्या. यादीच सोळा जागांची! मग 'चमचा' जास्त जणांना आठवला तर तो अंतरामुळे की शेवटाकडे, म्हणून मनात ताजा होता म्हणून? शिवाय सुरुवातीचे शब्द प्रयुक्त (प्रयोगात भाग घेणारे) मनात घोकत बसतात, तो फायदा 'डोंगर'ला. वेग वाढवून सेकंदाला एक शब्द केला तर हे घोकणं थांबेल का? सबमिशन जवळ आलंय, कुणी हा प्रयोग केला असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
वेगाला हात लावू नका. घोकणं कमी होईल, पण बहुतेक आकडे खाली येतील आणि फरक दिसणं अवघड जाईल.

यादी लांबवा. पहिले चार आणि शेवटचे चार शब्द नुसते भरतीचे, ते मोजायचेच नाहीत. लागोपाठ जोड्या मधल्या भागात अशा विखरा की दोन्ही प्रकारांच्या जागांची सरासरी सारखी येईल. आणि यादीच्या दोन आवृत्त्या हव्यातच: एकीत 'चमचा' लागोपाठ, दुसरीत अंतराने. नाहीतर परीक्षक पहिलं हेच विचारतील की 'चमचा' मुळातच सोपा कशावरून नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर एवढीच, की यादी संपल्यावर लगेच लिहायला देऊ नका. ग्लान्झर आणि कुनिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली यादी संपल्यावर, लिहिण्याआधी ३० सेकंद आकडे मोजायला लावले, तर शेवटच्या शब्दांचा फायदा पार गेला. तुम्ही तीन-तीनने उलटे मोजायला लावा. मराठीत मोजताना एकोणऐंशी किंवा एकोणसत्तर अशा आकड्यांपाशी बरेच जण अडखळतात, ते तुमच्या पथ्यावरच पडेल. शब्द घोकायला उसंतच मिळणार नाही.