युक्रेनहून आलेले एचआयव्हीबाधित : आधी चाचणी की आधी गोळी?

वॉर्सॉवासी
२४ फेब्रुवारी २०२२ नंतर लाखो युक्रेनियन पोलंडमध्ये आले. युद्धाआधी तिकडे अंदाजे २,६०,००० लोक एचआयव्हीसह जगत होते, म्हणजे आलेल्यांत रोज गोळी घेणारेही होते. इथे त्यांना उपचार मोफत मिळाले, त्याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. नवं निदान असो की वाटेत गोळ्या सुटलेल्या असोत, विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे जनुकीय चाचणीत कळेपर्यंत उपचार सुरू करू नयेत. एफाविरेंझ असलेली गोळी अचानक बंद झाली, की सोबतची लॅमिवुडिन लवकर उतरते आणि एफाविरेंझ एकटंच बरेच दिवस रक्तात रेंगाळतं. एकट्या औषधापुढे विषाणू तगून राहायला शिकतो, यालाच प्रतिरोध म्हणतात. असा विषाणू दुसऱ्या कुणाला लागला, तर त्याने एकही गोळी न घेता त्याचं औषध आधीच निकामी झालेलं असतं!

कोथरूडचा डॉक्टर
अजिबात पटलं नाही. अहवालाला आठवडे लागतात, तोवर युक्रेनहून आलेली बाई दुसऱ्या देशात पोचलेली असते. तयारी असेल त्याला त्याच दिवशी गोळी द्या, असं जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून सांगते आहे. आणि एफाविरेंझला विषाणू जुमानेनासा झाला म्हणूनही डोल्युटेग्राविर हे दुसरं औषध पुढे आलं ना? २०१९ पासून तेच पहिल्या पसंतीचं. आपल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांवरही आता टीएलडीच देतात, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी. डोल्युटेग्राविरला चकवणं विषाणूला फार जड जातं. चाचणीसाठी रक्त जरूर घ्या, पण गोळी अडवू नका.

शिवाय चाचणी सगळं सांगत नाही. गोळ्या सुटून काही महिने झाले, की लॅमिवुडिनला न जुमानणारा एम१८४व्ही बदल मागे पडतो. अहवाल कोरा येतो, आणि औषध सुरू केलं की तोच विषाणू पुन्हा वर येऊ शकतो. म्हणून आधी माणसाला विचारा : काय घेत होतात, कधीपासून सुटलं?

चाफा
मला ‘निर्वासितांमुळे प्रतिरोध पसरतो’ हा सूरच खटकतो. सांगलीकडे एका संस्थेत काम करताना पाहिलंय, ट्रकवाल्यांकडे बोट दाखवलं की ते तपासणीलाच यायचे नाहीत. चाचणी करायची तर नव्याने निदान झालेल्या पोलिश माणसाचीही करा. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वंही सगळ्यांसाठीच सांगतात, आणि निकालासाठी उपचार थांबवायला सांगत नाहीत.

वॉर्सॉवासी
चाफाताई, तसा सूर लागला असेल तर चूक माझी. गोळी अडवू नये हेही पटलं. पण चाचणी सोडायला मी तयार नाही. इथे आता दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची चर्चा असते, कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन. फिरतीवरच्या माणसाला सोयीचं वाटणारच. पण युक्रेनमध्ये विषाणूचा ए६ उपप्रकार जास्त आढळतो. त्यात रिल्पिविरिनला आधीच दाद न देणारा बदल असला, तर उपचार फसण्याचा धोका वाढतो. आणि तो फसला, की कॅबोटेग्राविर ज्या घरातलं, त्या डोल्युटेग्राविरच्या घरातलीच औषधं हातची जाऊ शकतात.

कोथरूडचा डॉक्टर
इंजेक्शनाचं मान्य, तिथे चाचणीशिवाय नको. पण सीमा ओलांडून आलेल्या माणसापुढे पहिल्या दिवशी तो प्रश्न नसतो. त्या दिवशी तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या, आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी द्या, म्हणजे पुढच्या गावातल्या डॉक्टरला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.