१.३ लिटर डिझेल: इंजिन फियाटचं की मारुतीचं?

घाटवाट:
परवा पुन्हा तेच ऐकलं, "डिझेल घ्यावं तर मारुतीचं." अहो, २००७ साली स्विफ्टमध्ये आलेलं १२४८ सीसीचं ते इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट. मानेसरला सुझुकीने ते परवाना घेऊन बनवलं. नावं तेवढी वेगळी: स्विफ्टमध्ये डीडीआयएस, टाटाच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट, फियाटच्या लिनियात मल्टिजेट. आत तोच ६९.६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तोच ८२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). ज्याचं श्रेय त्याला मिळावं, एवढंच म्हणणं.

चौथा_गिअर:
मग एकट्या फियाटला तरी का? हे इंजिन घडलं तेव्हा फियाट आणि जनरल मोटर्सची इंजिनांत भागीदारी होती, ओपेल कोर्सातही हेच बसायचं. आणि पुंतो-लिनिया रस्त्यावर दिसल्या किती? गावोगावी सर्व्हिस देऊन हे इंजिन लोकांच्या दारात नेलं ते मारुतीने.

तेलकट_हात:
विक्री आणि इंजिनिअरिंग यांची गल्लत नको. डिझेलवर हात काळे केलेला माणूस म्हणून सांगतो. एक सिलिंडर जेमतेम ३१२ सीसीचा. एवढ्याशा जागेत सगळं डिझेल एका दमात फवारलं तर दाब झटक्यात चढतो, आणि आपण ज्याला खडखडाट म्हणतो तो हाच. मल्टिजेट एका आवर्तनात पाचपर्यंत फवारे मारतं. आधी चिमूटभर डिझेल, ते पेटलं की मुख्य फवारा. हे जमतं कॉमन रेलमुळे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीमुळे: दाब रेलमध्ये आधीच तयार असतो, इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. त्या रेलवर फियाटच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९९४ मध्ये ते तंत्र बॉशकडे गेलं आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ त्यावर धावली. स्विफ्टच्या बॉनेटखाली आलं ते हे सगळं घडून गेल्यावर.

चौथा_गिअर:
फवाऱ्यांचं मान्य. पण २००० आरपीएमच्या खाली या इंजिनात जीव नाही, हे तुम्हीही जाणता. वरंध घाटात हेअरपिनवर दुसऱ्या गिअरला गाडी बसते, पाय दाबून वाट बघायची, मग टर्बो एकदम ओढते. लिनियात ९३ पीएस ताकद असूनही हे टोचायचं, कारण गाडी जड. स्विफ्ट हलकी, तिथे ७५ पीएस पुरले. गाडीला इंजिन जुळवणं हेही इंजिनिअरिंगच.

घाटवाट:
लॅगचं, म्हणजे टर्बोची वाट बघण्याचं, खरं आहे, मीही तिथे पहिला गिअर टाकतो. पण सुझुकीचं स्वतःचं डिझेल कुठे टिकलं? सेलेरिओतलं ७९३ सीसीचं २०१५ ला आलं, दोन वर्षांत गेलं. १४९८ सीसीचं यायला २०१९ उजाडलं. २००७ पासूनची बारा वर्षं मारुतीने गाडा या एका इंजिनावर ओढला. मानेसरला पुरेनात, तेव्हा २०१२ मध्ये वर्षाला लाखभर इंजिनं रांजणगावहून, फियाट-टाटांच्या कारखान्यातून घ्यायचा करार झाला.

चौथा_गिअर:
सेलेरिओचं सोडतो, दोन सिलिंडरचं ते इंजिन थरथरायचंच. १४९८ चं मात्र नाही सोडणार. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. ते इंजिन वर्षभरही नीट विकलं गेलं नाही, मग ते टिकलं नसतं हे कशावरून ठरवलंत?