सल्ला हवा: धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यातल्या टापूवर दोन रात्री, गळ आणि तंबू

गिरणेचा_गळ (चाळीसगाव)

राम राम मंडळी.

आम्ही चौघं मित्र आणि माझा बारा वर्षांचा मुलगा. गिरणा आणि मन्याड धरणाच्या काठावर बसून गळ टाकण्यात पंधरा वर्षं गेली, पण सगळं काठावरूनच. यंदा डिसेंबरात होडीने जाऊन एखाद्या टापूवर दोन रात्री मुक्काम करायचं मनात आहे. सरदार सरोवराचं पाणी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत शिरलंय आणि मधल्या टेकड्यांचे टापू झालेत, एवढं ऐकून आहे. पाहिलेलं काही नाही.

टापू आधी ठरवून जाता येतं का? होडी कुठे मिळेल? परवानगी कोणाची लागते? गळाला काय लावायचं? आणि मुख्य म्हणजे, मुलाला न्यावं का? त्याची आई म्हणाली, तिकडे राहिलेल्या माणसांना विचारा आणि मगच तारीख सांगा. म्हणून विचारतोय.

सातपुड्याचा_मास्तर (शहादा)

भाऊ, मी धडगाव तालुक्यात नऊ वर्षं शाळेवर होतो. त्यातली तीन वर्षं पावसाळ्यात शाळेला होडीनेच जायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टापू आधी ठरवू नका. समुद्रातल्या बेटासारखा तो जागेवर नसतो. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पावसाळा संपता संपता पाणी तिथपर्यंत गेलं की फक्त टेकड्यांची डोकी वर राहतात. मग वीज आणि कालव्यासाठी पाणी सुटत जातं, पातळी उतरते, आणि ऑक्टोबरात पाहिलेला टापू मार्चमध्ये डोंगराला जोडलेला असतो. डिसेंबरात दोन्हींच्या मधली अवस्था. त्या आठवड्यात कुठे सपाट जागा उघडी पडलीय, हे फक्त तिथला नावाडीच सांगू शकतो.

मुक्काम पाण्याच्या रेषेपासून उंचीने निदान दोन पुरुष वर करा. पाणी उतरतं असतं हे खरं, पण वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत. तिकडून सोडलं की इथे पाणी वरही चढतं. आणि नर्मदेत मगरी आहेत. रात्री काठावर भांडी घासायला बसायचं नाही, मासा साफ करून घाण काठाला टाकायची नाही.

उतरताना गाळ बघा. पाणी मागे हटतं तिथे गाळाचा पट्टा राहतो. वरून वाळून भेगा पडलेल्या दिसतात, आत लोण्यासारखं असतं. खडकाच्या किंवा मुरमाच्या अंगानेच होडी लावायला सांगा.

रस्ता: धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, धडगाव. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा सुरू होते, त्या दिवसांत तापीच्या पुलाआधी अडकाल. धडगावहून भुशाकडे किंवा बिलगावकडे उतरता येतं. बिलगावला गेलात तर धबधबा पाहाच. तिथे २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून छोटी जलविद्युत उभी केली होती. शाळेत दिवे लागायचे. २००६ मध्ये तीही पाण्यात गेली.

होडीचं आता कान देऊन ऐका. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, भुशाजवळ बोट उलटली. पेलवतील त्यापेक्षा फार जास्त माणसं बसली होती. माणसं गेली, त्यात लहान लेकरंही होती. त्या भागात अजून कोणी हे बोलताना आवाज खाली करतं. म्हणून होडीत तुमच्या पाच जणांशिवाय नावाडी आणि त्याचा जोडीदार, बस. 'वाटेत उतरतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणायला अवघड जातं, तेव्हा आधीच नावाड्याशी बोलून ठेवा. पाचही जणांना लाइफ जॅकेट, आणि ते बूड टेकायच्या आधी अंगात. मुलाचं त्याच्या मापाचं घ्या. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं.

दुपारनंतर खोऱ्यात वारा उठतो. पाणी डोंगरांच्या मधून चिंचोळं आहे, लाट आखूड आणि तिरकी येते. सगळा प्रवास सकाळी अकराच्या आत उरका.

हतनूरकर (भुसावळ)

एवढ्या लांब कशाला, दादा? आमच्याकडे हतनूर आहे. तापी-पूर्णेचं पाणी, ४१ दरवाजे, चांगदेवचं देऊळ जवळ. घरून डबा आणा आणि संध्याकाळी परत जा. मुलालाही झेपेल.

पाणपक्षी_वरणगाव

हतनूरला दिवसभर जरूर या, पण मुक्कामाला टापूवर नको. धरण गाळाने भरत आलंय. पाणी उतरलं की जे उथळ टापू वर येतात त्यांवर हिवाळ्यात बदकं आणि पट्टकदंब उतरतात. हे हंस हिमालय ओलांडून येतात. तंबू आणि शेकोटी दिसली की सगळा थवा उठतो, आणि चरायचा वेळ उडण्यात जातो. धरणाच्या भिंतीजवळ तर तशीही बंदी असते. मुलाला होडीची सवय करायला एक दिवस आणा, दुर्बीण माझी देतो.

तापीकाठचा_बापू (प्रकाशा)

काय भो, मासांनं कोणी बोलनंच नही! आता माझं ऐका.

थंडीत मासा सुस्त असतो, खातो कमी. पहाटेची घाई करू नका. ऊन पाण्यावर चढलं, नऊ-दहा वाजले, की उथळ अंगाला येतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांना एकाच खोलीवर गळ टाकून बसलात तर एकच हाती लागेल.

गिरणेवर तुम्ही शिसं तळाला टेकवून बसत असाल. इथे ते चालायचं नाही. खाली अख्खं जंगल बुडालेलं आहे. साग, मोह, आंबा, सगळ्यांची खोडं उभी आहेत. तळाला टेकवलं की गळ अडकला, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटला. तरंगणारं बुच बांधा आणि गळ तळापासून हात-दोन हात वर ठेवा. तंगूस वीस पाउंडाच्या खाली नको, जास्तीचे गळ डझनभर न्या.

चारा: शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवा, त्यात तांदळाचा कोंडा आणि थोडी कणीक, घट्ट मळा. लिंबाएवढे गोळे आधी पाण्यात फेकून जागा धरा. तासभर तिथून हलू नका. गळाला बोराएवढी गोळी, टोक बुजेल इतकीच. मृगळाला गांडूळ चालतं. चिलापीला (तिलापिया मासा) काहीही चालतं, मुलाला तीच लावून द्या, त्याचा हात बसेल.

महसीर लागला तर ओल्या हाताने धरा, गळ काढा, सोडून द्या. तो वाहत्या पाण्याचा मासा. धरणाच्या साचल्या पाण्यात त्याला अंडी घालायला जागा उरली नाही, वरच्या ओढ्यांत जे काही आहे तेवढंच. मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केलंय. आपण निदान सोडून तरी देऊ.

आणि जाळं नेऊ नका. तिथला मासा मच्छीमार सोसायटीचा, त्यावर घरं चालतात. शेती बुडाली त्यांना आता पाणीच शेत. सोसायटीच्या माणसाला भेटा, गळाने खाण्यापुरते धरतो म्हणून सांगा.

वारा उना का बोट काठले लावा भो, घाई करू नका.

गिरणेचा_गळ

बापू, मास्तर, हात जोडतो. हे कुठे छापलेलं सापडलं नसतं. परवानगी आणि औषधपाण्याचं कोणी सांगेल का?

नंदुरबारची_सिस्टर

दादा, नर्मदेकाठच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो, त्यावर मी काम केलंय.

तुम्ही उतराल ती जमीन बहुतेक वनखात्याची किंवा बुडिताची. वनखात्याच्या कार्यालयात विचारा, ज्या गावातून होडी धराल तिथल्या पोलीस पाटलांना भेटा, आणि कोण, किती जण, कधी परत, हे कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवा. तसाच कागद घरी वहिनींकडे. त्यात परतीची वेळ लिहाल तिच्यापुढे अर्धा दिवस धरा. 'अमुक वेळेपर्यंत फोन नाही आला तर पाटलांना फोन करा' हे स्पष्ट लिहा. टापूवर रेंज नसते. समोरचा काठ मध्य प्रदेश किंवा गुजरात, तिकडचा टॉवर कधी लागतो, कधी नाही. आपली नर्मदा ५४ किलोमीटरच, पलीकडे सगळं दुसऱ्याच्या हद्दीत. गुजरातेत दारूबंदी आहे. तसंही पाण्यावर जाणाऱ्याने पिऊ नये, मी बुडालेल्यांचे पंचनामे पाहिलेत.

साप थंडीत कमी निघतात, पण मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि चावलेलं कळतही नाही. उघड्यावर जमिनीवर झोपू नका, तंबूची चेन कायम लावलेली. चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि थेट धडगावचं ग्रामीण रुग्णालय. म्हणून रात्री होडी आणि नावाडी टापूवरच हवेत. तुम्हाला सोडून 'परवा येतो' म्हणणारा नावाडी घेऊ नका. हे सगळ्यांत महत्त्वाचं.

पाणी तुरटी फिरवून निवू द्या, गाळा, मग उकळा. मच्छरदाणी डिसेंबरातही न्या, मलेरियाचा भाग आहे. गळ बोटात रुततो तेव्हा ओढून काढू नका. पक्कड न्या, टोक पुढून बाहेर काढून आकडा तोडा आणि मग मागे घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच.

मुलाला न्या. पोहता येत असेल आणि सांगितलेलं ऐकत असेल तर न्या.

गिरणेचा_गळ (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. पाचही जण धड.

आधी हतनूरला एक दिवस मुलाला होडीत बसवलं. वरणगावच्या दादांनी दुर्बीण दिली, पट्टकदंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे त्याने मोजले.

धडगावला पोलीस पाटलांनीच नावाडी गाठून दिला. पन्नाशीचा पावरा माणूस, बोलणं मोजकं, सोबत त्याचा पुतण्या. दिवसाचा दर डिझेल धरून आधीच ठरवला. सकाळी आठला निघालो. पाऊण तासाने त्याने इंजिन बंद केलं आणि बांबू घेऊन उभा राहिला. पाण्यातून काळी टोकं वर आलेली, कुठे वीतभर, कुठे नुसता तवंगाखाली रंग. बांबूने एकेक खोड चाचपत त्याने होडी आत नेली. बापू, तुम्ही म्हणालात ते जंगल हेच. आमच्यापैकी कोणी बोलत नव्हतं.

गाळाचं मास्तरांनी सांगितलं होतं, तरी आमचा एक जण मुरमावरून दोन पावलं बाजूला गेला आणि मांडीपर्यंत आत. चप्पल अजून तिथेच आहे. पुतण्याने बांबू आडवा टाकला, त्यावर पोटाने पडून तो सरपटत निघाला.

टापूवर पाणी उतरल्यामुळे शेताचे बांध उघडे पडले होते. एका ओट्यावर जात्याचा खालचा दगड, मधलं भोक गाळाने बुजलेलं. मुलाने काडीने ते मोकळं केलं. नावाडी म्हणाला, "माझ्या काकूचं." तंबू आम्ही त्या ओट्यापासून लांब लावला.

मासा पहिल्या दिवशी नाही. सगळ्या चिलाप्या, त्यातल्या सात मुलाच्या. दुसऱ्या दिवशी साडेनऊला पेंडीच्या जागेवर बुच दोनदा थरथरलं, मग पाण्यावर आडवं पडलं. मी घाईने ओढणार होतो, नावाड्याने मनगट धरलं. बुच सरकायला लागलं तेव्हा सोडलं. दोन किलोचा रोहू. त्यानंतरचा कटला असावा, तो खोडाला वळसा घालून तंगूस तोडून गेला. रोहू काळ्या मसाल्यात केला, कळण्याच्या भाकरी घरून नेलेल्या. नावाड्याने डोकं स्वतः मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आवरायला आम्हीच उशीर केला. साडेअकराला होडीत सामान चढवलं आणि वारा सुटला. लाट छोटी दिसत होती, आमच्यातला एक जण 'निघू या' म्हणाला. नावाडी होडी ओढून वर बांधून बसला. रात्र तिथेच काढली, भाकरीचे तुकडे आणि चहा. सिस्टर, तुम्ही सांगितलेला अर्धा दिवस नसता धरला तर घरी रडारड झाली असती. सकाळी नऊला काठाला लागून फोन केला, तेव्हा कागदावरच्या वेळेला अजून तीन तास होते.

परतताना त्याच होडीत पलीकडच्या पाड्यावरची चार पोरं शाळेच्या वसतिगृहाला जायला उभी होती. आमची जॅकेटं पाच. आम्ही उतरलो, मुलाचं जॅकेट त्यातल्या सगळ्यात लहान मुलीला बरोबर बसलं. पाचही जॅकेटं तिथेच ठेवून आलोय, नावाड्याच्या घरी खुंटीला.

सातपुड्याचा_मास्तर

भाऊ, लहान मापाची आणखी किती लागतील ते नावाड्याला विचारलंत का? संक्रांतीआधी पाठवता येतील. मी शनिवारी तिकडे जातोय.

गिरणेचा_गळ

विचारलं. त्या पाड्यावरून शाळेला जाणारी अकरा पोरं आहेत, सगळी सहा ते बारा वर्षांची. दोन मी घेतो.

तापीकाठचा_बापू

तीन मना कडथून.