मदत हवी आहे: 'सीक्वेस्ट डीएसव्ही'चा पहिला सीझन संपत आलाय, पुढे लेकीला काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

'सीक्वेस्ट डीएसव्ही'चे तिन्ही सीझन पाहिलेलं कुणी इथे आहे का? अकरा वर्षांच्या लेकीबरोबर मी ही मालिका पुन्हा बघतेय. दुसऱ्या सीझनमध्ये शिरावं की नाही आणि शिरलोच तर कुठले भाग निवडावेत, याबद्दल नेमका सल्ला हवा आहे.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर १९९३ मध्ये ती अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली, निर्मितीत स्टीव्हन स्पीलबर्गची अँब्लिन कंपनी होती. गोष्टीतला काळ २०१८ चा. माणसं समुद्रतळावर वस्त्या करून राहू लागली आहेत, तिथे खाणी आहेत, शेती आहे आणि हद्दीवरून भांडणंही आहेत. या सगळ्यात शांतता राखायची आणि संशोधनही करायचं, अशी दुहेरी कामगिरी सीक्वेस्ट नावाच्या हजार फूट लांब पाणबुडीवर सोपवलेली असते. कप्तान नेथन ब्रिजरचं काम रॉय शायडरने केलंय, 'जॉज'मधला पोलीसप्रमुख तोच. शिवाय शास्त्रज्ञ डॉ. वेस्टफेलन, संगणकात डोकं असलेला पोरगेला ल्यूकस आणि डार्विन नावाचा डॉल्फिन. डार्विनचं बोलणं यंत्रातून भाषांतरित होऊन ऐकू येतं आणि त्याला फिरता यावं म्हणून पाणबुडीभर पाण्याच्या नळ्या आहेत.

मी तेव्हा न्यू जर्सीत शाळेत होते. रविवारी रात्री आठला ही मालिका लागायची आणि त्याच वेळी सीबीएसवर 'मर्डर, शी रोट'. आई त्या मालिकेची भक्त, घरात टीव्ही एकच. त्यामुळे पहिला सीझन बराचसा पाहिला, दुसऱ्यातलं तुरळक आठवतं, तिसरा पाहिलाच नाही.

आता पुन्हा बघताना पहिल्या सीझनचं मोठेपण कळतंय. त्यात गोष्ट समुद्रातूनच निघते. 'द डेव्हिल्स विंडो' या भागात पाणबुडी समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी जाते आणि डार्विन आजारी पडतो. तो भाग संपला आणि लेकीने विचारलं, तिथे ऊन पोचत नाही तर जीव जगतात कशावर? मग १९७७ साली गालापागोसजवळ 'अल्विन' या छोट्या पाणबुडीतून शास्त्रज्ञांना असे झरे पहिल्यांदा कसे दिसले, तिथले लांबच लांब नळीकृमी तोंड आणि आतडं नसतानाही पोटातल्या जिवाणूंच्या जोरावर कसे जगतात, ते जिवाणू उन्हाऐवजी गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा कशी मिळवतात, असं बोलत आम्ही जेवणं उरकली. 'ट्रेझर्स ऑफ द माइंड'मध्ये अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय पाण्याखाली सापडतं आणि ते कुणाच्या मालकीचं यावर देश भांडू लागतात. त्यावर तर ती माझ्याशी तावातावाने वाद घालत होती. एखादी मालिका मुलांकडून एवढं करून घेत असेल, तर ती जपून दाखवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक भागाच्या अखेरीस, श्रेयनामावलीबरोबर, रॉबर्ट बॅलार्ड येऊन त्या भागामागचं खरं विज्ञान सांगतात. १९८५ साली टायटॅनिकचे अवशेष शोधणाऱ्या मोहिमेचे प्रमुख तेच, आणि १९७७ च्या त्या मोहिमेतही ते होते. कुणी ही मालिका बघणार असाल तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर हा तुकडा हातचा जातो. आमच्या घरी आता तो बघितल्याशिवाय उठायचं नाही असा नियमच झालाय.

अडचण अशी की दुसऱ्या सीझनमधलं मला जे काही आठवतंय त्यात अवाढव्य मगर आहे, ग्रीक देव आहेत, परग्रह आहे. लेकीची समुद्राबद्दलची ओढ तिथे विरून जाईल अशी भीती वाटते. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागापाशी, म्हणजे 'हायर पॉवर'पाशीच थांबावं का? पुढच्यातलं खरोखर बघण्यासारखं काय आहे? आणखी एक, इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा: एवढी मोठी पाणबुडी समुद्राच्या तळाशी का जाऊ शकत नाही, हे अकरा वर्षांच्या मुलीला पटेल असं कसं समजावू? 'दाब खूप असतो' एवढ्यावर तिचं समाधान होत नाही.

– निळीशाई

---

सुकाणू:

निळीशाई, मी तिन्ही सीझन पाहिलेत, पहिला तर कितीदा तरी. तुमची भीती रास्त आहे. पहिल्या सीझननंतर चित्रीकरण कॅलिफोर्नियातून फ्लोरिडात ऑरलँडोला गेलं आणि वेस्टफेलन, हिचकॉक, क्रीग, क्रॉकर ही माणसं मालिकेतून गेली. वेस्टफेलनचं जाणं सगळ्यात महागात पडलं. कप्तानासमोर उभं राहून 'हे संशोधनाचं जहाज आहे' असं बजावणारं त्यानंतर कुणी उरलंच नाही. तिच्या जागी आलेली डॉक्टर दुसऱ्यांच्या मनातलं ओळखते. यावरून कथा कुठे वळली ते कळेल. खुद्द शायडरनेही तेव्हा वर्तमानपत्राशी बोलताना दुसऱ्या सीझनवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

तरी सरसकट टाकू नका. 'द सिन्सिअरेस्ट फॉर्म ऑफ फ्लॅटरी' नक्की दाखवा. माणसांविना चालणारी एक पाणबुडी आणि तिच्या संगणकात ब्रिजरच्याच विचारपद्धतीची नक्कल. स्वतःसारखाच विचार करणाऱ्या शत्रूला ब्रिजर कसा हाताळतो, हे आज बघायला जास्त मजा येते. 'प्लेटाइम'मध्ये पृथ्वीवर दोनच मुलं उरलेली असतात. त्यात समुद्र जवळजवळ नाही, पण तुमच्या लेकीच्या वयाला तो भिडेल. मगरीचा 'मेल्टडाउन' आणि देवांचा 'वॉटरगेट' खुशाल सोडा.

'हायर पॉवर'पाशी थांबलात तरी काही अर्धवट राहत नाही. समुद्रतळाखालची उष्णता वापरायचा प्रकल्प फसतो, तळ फाटतो आणि ती भेग बुजवण्यासाठी ब्रिजर आख्खी पाणबुडी पणाला लावतो. गोष्ट तिथे पुरी होते.

---

दर्यादिल:

मी सुकाणूंशी थोडा असहमत. दुसऱ्या सीझनचा पहिलाच भाग 'डॅगर्स' मुलांना दाखवाच. लढाईसाठी जनुकं बदलून घडवलेली माणसं, त्यांना वेगळं डांबून ठेवलेलं, आणि त्यांचं बंड. त्यातलाच डॅगवुड पुढे सीक्वेस्टवर साफसफाईचं काम करतो. विज्ञानाने माणूस घडवला तर त्याला माणसाचे हक्क द्यायचे की नाही, हा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलीला पेलतो. माझ्या भाचीला पेलला होता. फक्त हा भाग दुप्पट लांबीचा आहे, काही ठिकाणी त्याचे दोन तुकडे केलेले सापडतात, तेव्हा दुसरा तुकडा चुकवू नका. पहिल्या सीझनच्या सुरुवातीच्या भागाचंही तसंच आहे.

---

तळठाव:

पाणबुडीच्या दाबाबद्दल मी लिहितो, पाण्याखालच्या उपकरणांचंच काम करतो.

लेकीला आकडे द्या, मुलांना आकडे आवडतात. दर दहा मीटर खाली गेलं की आपल्या डोक्यावरच्या आख्ख्या हवेएवढा दाब वाढतो. सहा हजार मीटरवर तो सहाशेपट होतो, म्हणजे नखाएवढ्या जागेवर सहाशे किलो. आता तिला विचारा, हा भार सगळीकडून सारखा येत असेल तर कुठला आकार टिकेल? उत्तर: गोल. लांबट नळकांड्यात किंवा सपाट भिंतीत कुठेतरी जास्त ताण येतो आणि तिथून ते चेपतं. गोलात ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. म्हणून खोल जाणाऱ्या पाणबुड्यांमध्ये माणसं एका छोट्या गोळ्यात बसतात. आपल्या 'समुद्रयान' मोहिमेसाठी चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' बनवते आहे. तिचा टायटॅनियमचा गोळा आतून २.१ मीटर रुंद, त्यात तीन माणसं. नेहमीची फेरी १२ तासांची, अडचण आलीच तर ९६ तास पुरेल एवढी प्राणवायूची सोय. जमिनीवर २.१ मीटरचं वर्तुळ आखा आणि तिघांनी आत बसून बघा, पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

गोळा मोठा केला की भिंतही त्याच प्रमाणात जाड करावी लागते, वजन वाढत जातं. आजवरची सगळ्यात मोठी पाणबुडी, सोव्हिएत नौदलाची टायफून जातीची, सुमारे १७५ मीटर लांब, आणि ती काही शे मीटरच खाली जायची. सीक्वेस्ट तीनशे मीटर लांब. म्हणजे मालिकेत खोलीही हवी होती आणि घरासारख्या प्रशस्त खोल्याही हव्या होत्या, आणि आजच्या धातूंनी या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत.

आणखी एक गंमत तिला शोधायला लावा. सीक्वेस्टवर अधिकाऱ्यांशी पडद्यावर समोरासमोर बोलणं होतं. खऱ्या समुद्रात रेडिओलहरी थोड्याच अंतरात विरतात, बोलायचं तर आवाजाने. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे सहा किलोमीटर खालून हाक मारली तर वर पोचायला चार सेकंद. उत्तर यायला आणखी चार. एखादा प्रसंग निवडून तुम्ही दोघी ते संवाद खऱ्या वेळेत म्हणून बघा.

---

निळीशाई:

तळठाव, तुमचा प्रतिसाद मी तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. खडूने वर्तुळ आखून झालं, आजोबांनाही आत बसवलं. आता तिचं म्हणणं, मग डार्विन एवढ्या खोल बाहेर कसा पोहतो? 'द डेव्हिल्स विंडो'बद्दलच तिची शंका आहे. आणि डॉल्फिन खरंच असं बोलू शकतील का, हे तर ती रोज विचारते.

दर्यादिल, 'डॅगर्स' यादीत घेतला.

---

तळठाव:

शंका अगदी बरोबर आहे, शाबासकी द्या तिला. डॉल्फिन हवेत श्वास घेतो, त्याला वर यावंच लागतं. बाटलीनाक्या डॉल्फिनच्या नेहमीच्या बुड्या उथळच असतात, अगदी खोल गेला तरी काही शे मीटर ते हजारभर. काळ्या धुरासारखं पाणी सोडणाऱ्या त्या उष्ण झऱ्यांपाशी दोन-अडीच हजार मीटरवर तो जाणार नाही.

बोलण्याचं मात्र पूर्ण खोटं नाही. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक खास शिट्टी असते. २०१३ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्या शिट्टीची नक्कल ऐकवली तर तोच डॉल्फिन उत्तर देतो. नावाने हाक मारल्यासारखंच. वाक्यांचं भाषांतर अजून कुणालाही जमलेलं नाही. आणि पडद्यावरचा डार्विन यांत्रिक होता, वॉल्ट कोंटी यांच्या चमूने बनवलेला. 'फ्री विली'तल्या देवमाशाची यांत्रिक प्रतिकृतीही त्यांचीच.

---

सुकाणू:

तिसऱ्या सीझनबद्दल राहिलं होतं. दुसऱ्याच्या शेवटी पाणबुडी परग्रहावर जाते. तिसऱ्याच्या सुरुवातीला दहा वर्षांनी ती आयोवातल्या मक्याच्या शेतात सापडते, साल २०३२. ब्रिजर नातवासाठी जहाज सोडतो, नवा कप्तान ऑलिव्हर हडसन म्हणजे मायकल आयर्नसाइड. मालिकेचं नावही 'सीक्वेस्ट २०३२' झालं. सूर लष्करी आहे, मॅक्रोनेशिया नावाच्या महासंघाशी सतत तणाव. तेराच भाग आहेत आणि दुसऱ्यापेक्षा बांधणी घट्ट आहे. पण शास्त्रज्ञ मागे पडलेत, त्यामुळे तिला आणखी दोन-तीन वर्षांनी दाखवा. ल्यूकस तिथे गणवेशात दिसतो, ते तिला आवडेल की खटकेल सांगता येत नाही.

---

निळीशाई:

सगळ्यांचे खूप आभार. ठरलं ते असं: 'हायर पॉवर' या शनिवारी, मग काही आठवडे मालिका बंद आणि तेवढ्यात 'मत्स्य ६०००'बद्दल आम्ही दोघी वाचणार. त्यानंतर 'डॅगर्स', 'द सिन्सिअरेस्ट फॉर्म ऑफ फ्लॅटरी' आणि 'प्लेटाइम', एवढेच. तिसरा सीझन ती आठवीत गेल्यावर.

पहिल्या सीझनमधला 'सच ग्रेट पेशन्स' अजून बघायचा आहे. त्यात समुद्रतळाशी परग्रहावरचं यान सापडतं एवढंच आठवतंय. सुकाणू, दर्यादिल, तो 'हायर पॉवर'च्या आधी बघू की मागाहून? आणि परग्रहवासी असूनही तो भाग पहिल्या सीझनच्या शिस्तीत बसतो का?

---

दर्यादिल:

आधीच बघा, आणि बिनधास्त बघा. त्यात कुणी कुणावर हल्ला करत नाही. अनोळखी जीव समोर आला तर वागायचं कसं, सैनिकासारखं की शास्त्रज्ञासारखं, यावरच सगळा भाग उभा आहे.