सुक्याबरोबर ओलंही जळतं

‘ज्याने काही चुकीचं लिहिलेलं नाही, त्याने सरकारी बंदीला भ्यायचं कशाला?’ हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण बंदीचं हत्यारच इतकं बोथट असतं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं. तिथल्या टेलिकॉम कंपनीने यूट्यूबकडे जाणारी वाहतूक अडवण्यासाठी आपल्या नेटवर्कवर चुकीचा मार्ग जाहीर केला, म्हणजे ‘यूट्यूबकडे इकडून जा’ अशी खोटी पाटीच लावली म्हणा ना. तो मार्ग देशाबाहेर निसटला, आणि जगात बऱ्याच ठिकाणी सुमारे दोन तास यूट्यूब दिसेनासं झालं! हे चुकून झालं, मान्य. पण कायदा जाणूनबुजून वापरतानाही घोळ होतोच.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं हटवायला हवीत, त्यावर वाद नाही. घोळ होतो तो ढिसाळ शब्दांमुळे. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये ‘त्रासदायक’ मजकुरालासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद होती. आता त्रास कोणाला आणि किती, हे ठरवणार कोण? (मला तर सकाळचे ‘सुप्रभात’ मेसेजही त्रासदायकच वाटतात.) सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते कलम रद्द केलं ते बरं झालं. मात्र सरकारला साइट बंद करण्याची मुभा देणारं त्याच कायद्याचं कलम ६९अ कायम राहिलं, आणि त्याच्या नियमांत गोपनीयतेची तरतूद आहे. म्हणजे काय बंद केलं नि का, हे वाचकाला कळेलच असं नाही. माझा खरा आक्षेप या गुप्ततेला आहे. आदेशच हातात नसेल तर न्यायालयात आव्हान तरी कोणत्या गोष्टीला द्यायचं?