पैसा खर्चून माणूस खरंच सुखी होतो का? (विट्याकडचे कुलूपबंद बंगले)

घाटमाथा_खानापूर: आमच्या सांगलीतल्या खानापूर तालुक्यात एकदा चक्कर मारा. गलाईवाल्यांचे दोन-दोन मजली बंगले, ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, आणि गेटला कुलूप. मालक कुठंतरी केरळात नाहीतर तमिळनाडूत सोनं-चांदी गाळतोय, घरात पारवं राहत्यात. माणसं येणार जत्रेला, आठवडाभर. खर्चून सुख मिळत असतं तर आमचा तालुका सगळ्यात सुखी असायला पाहिजे. माझं मत सांगतो, खर्चाचा आनंद वास्तुशांतीच्या पंगती उठेपर्यंत, पुढं भावकीतल्या कुणी तिसरा मजला चढवला की तोपण गेला.

गलाईवाल्याचं_पोरगं: दादा तुम्ही कुलूप बाहेरनं बघितलं. आम्ही कोइमतूरला एका खोलीत वाढलो, खाली भट्टी वर आम्ही, ॲसिडचा वास कपड्यातनं जायचा नाही. आजोबा दुष्काळात नेसत्या कपड्यानिशी गाव सोडून गेलेले. ते घर राहायला बांधलेलंच नाही वो. जत्रेत आजी दारात खुर्ची टाकून बसती आणि येईल त्याला वर नेऊन दाखवती, बाथरूमचे नळसुद्धा सोडून दाखवती, हे गरम, हे गार. तिला जाऊन विचारा पैसे वाया गेले का म्हणून.

घाटमाथा_खानापूर: म्हणजे बघायला कोणतरी पाहिजेच ना? माझंपण तेच म्हणणं.

सांगलीची_सून: पुरुषांची चर्चा बंगल्याच्या पुढं जातच नाही 😄 आमच्यात वॉशिंग मशीन घ्यायचं म्हटल्यावर सासरे म्हणाले, घरात दोन बायका असताना मशीन कशाला. भिशी लागली तसं मी सरळ जाऊन घेऊन आले. आधी चादरी, सोलापुरी ब्लँकेटं सगळं दगडावर आपटून धुवायचो, सासूबाईंची कंबर धरायची, रात्री बाम चोळत बसायच्या. आता त्या दुपारी पाय पसरून झोपतात. नव्याची नवाई नऊ दिवस म्हणता ना, संपू दे की नवाई, कंबर दुखायची थांबली ती थांबलीच.

मिरज_जंक्शन: यावर अभ्यास झालेत. 2008 ला 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात कॅनडातला एक प्रयोग छापून आलेला, सकाळी लोकांना पाकिटात 5 नाहीतर 20 डॉलर दिले, संध्याकाळी 5 पर्यंत खर्चायचे, काहींनी स्वतःवर आणि काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त खूश निघाले, आणि 5 का 20 यानं काही फरक पडला नाही.

ऊसबिल_थकलंय: माणसं किती होती तेपण सांगा की राव, 46. आणि पैसे फुकटचे! फुकटच्या पैशात मीपण अख्ख्या गल्लीला भडंग चारतो. इथं कायद्यानं ऊस घातल्यापासून 14 दिवसात एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला पाहिजे, आमचा कारखाना कधी देतोय त्याचा पत्ता नाही, दिलं तरी गावची सोसायटी पीककर्जाचे आधी कापून घेणार, मग खत दुकानदार, मग पोरांची फी. स्वतःवर का दुसऱ्यावर हा प्रश्न पडायला खिशात काय उरलं तर पाहिजे. बिल आल्यावर उधारी फिटते त्या रात्री जी झोप लागते तिला तुमच्या अभ्यासात कुठं बसवणार?

मिरज_जंक्शन: अभ्यास गरिबांना विसरलेला नाही हो. काहनेमन आणि डीटन या संशोधकांनी 2010 ला म्हटलेलं की अमेरिकेत वर्षाला 75 हजार डॉलरच्या पुढं रोजचा मूड सुधारत नाही, पण त्याच्या खाली पैशाची तंगी दुःखात भरच घालते. मग 2023 ला काहनेमनच किलिंग्सवर्थ या दुसऱ्या संशोधकाबरोबर परत आकडे तपासायला बसले, तर बहुतेकांचं सुख पुढंही वाढताना दिसलं. मुळात जे सगळ्यात दुःखी, त्यांचंच एका टप्प्याला येऊन थांबतं.

घाटमाथा_खानापूर: ते कमाईचं झालं साहेब, इथं चाललंय खर्चाचं. कमवून एफडी केली तर रात्रीची झोप तशीपण लागतीच. वहिनींचं मशीन मान्य, ते कुणी बघायला आलं नाही तरी कपडे धुतंय. बंगल्याचं तसं नाही.

गलाईवाल्याचं_पोरगं: ज्याच्या आजोबाला गावात कुणी उसनं ज्वारी दिली नाही त्याला विचारा, बघायला माणसं का लागतात ते.

सांगलीची_सून: भाऊ, आजीचं पटलं मला. पण जत्रेला आल्यावर तो बंद पडलेला बंगला झाडून पुसून काढतं कोण? माझं माहेर तिकडचंच आहे. पहिले दोन दिवस बायका पारव्यांची घाण खरवडत असतात, मग पाहुण्यांचा स्वयंपाक, आणि जत्रा उरकली की परत भट्टीवर. सुख झालं का म्हणून तुमच्या आईला विचारलंय का कधी?